पर्यावरण धोरणातील आर्थिक प्रोत्साहने आणि स्थानिक निर्णय (पुणे)

प्रदूषण आणि नैसर्गिक साधनांची उधळपट्टी केवळ बंदी, परवाना व खटला यांनी न आवरता ती करणाऱ्याच्या खिशाशी जोडणे आणि त्याविषयीचे निर्णय परिणाम भोगणाऱ्या लोकांच्या हाती शक्य तितके देणे, अशी ही धोरणपद्धती आहे. पाण्याची मोजून आकारलेली पट्टी, करसवलत, हस्तांतरणीय विकासहक्क (एका जमिनीवरचा बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरण्याची वा विकण्याची मुभा), कचरा सेवाशुल्क ही तिची आर्थिक साधने, तर ग्रामसभा, प्रभाग समिती, पाणीवापर संस्था या तिच्या निर्णयाच्या जागा होत. दोन्ही अंगे पुणे शहरात आणि जिल्ह्यात बराच काळ अजमावली गेली असल्याने या पद्धतीचे गुणदोष येथे जवळून पाहता येतात.

भारतातील पर्यावरण कायद्यांची मूळ घडण हुकूम आणि शिक्षा यांवर उभी आहे. १९७४ चा जलप्रदूषण कायदा, १९८१ चा वायुप्रदूषण कायदा आणि भोपाळ दुर्घटनेनंतरचा १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा यांनी मानके ठरवली, मंडळे नेमली आणि शिक्षा लिहिल्या. खटले मात्र वर्षानुवर्षे रेंगाळले. ‘प्रदूषण करील तो भरील’ हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये भारतीय कायद्याचा भाग मानले. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण व वायुप्रदूषण कायद्यांतील अनेक कैदेच्या शिक्षांच्या जागी आर्थिक दंड आणला. सुरतेत २०१९ पासून कारखान्यांच्या धूलिकण उत्सर्जनाचे परवाने खरेदी-विक्रीस आले. यामागचा विचार जुना आहे. जे नुकसान बाजारभावात धरले जात नाही त्यावर कर बसवावा, असे ब्रिटिश अर्थतज्ज्ञ पिगू यांनी १९२० मध्येच मांडले होते. सामायिक साधने गावकरी स्वतःच्या नियमांनी टिकवू शकतात हे दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. पुणे जिल्ह्याला मात्र हा धडा कितीतरी आधी पुरंदर तालुक्यात मिळाला होता.

१९७२ च्या दुष्काळानंतर अभियंता व उद्योजक विलासराव साळुंखे यांनी नायगाव येथे देवस्थानची ४० एकर जमीन खंडाने घेऊन पाणलोटाचे काम सुरू केले. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिने पाणी जमिनीच्या एकराशी न बांधता घरातल्या माणसांशी बांधले. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल इतकेच पाणी मिळे. भूमिहीनांनाही वाटा होता आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जात नसे. उसाला मनाई होती. उपसा योजनेच्या खर्चातला पाचवा हिस्सा लाभार्थ्यांनी आधी उभा करायचा, कारण पदरचे पैसे घातले की माणूस पाइपलाइनची काळजी घेतो. वाटपावर देखरेख गावातलेच लोक ठेवत. पाण्याला मोल आहे, पण ते ज्याच्याजवळ पैसा जास्त त्याला जास्त मिळता कामा नये, ही इतकी स्पष्ट मांडणी नंतरच्या सरकारी जलधोरणांतही क्वचितच आढळते.

शहरातले सर्वांत बोलके उदाहरण कचऱ्याचे. १९९३ मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना स्थापन झाली. तिच्या सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया होत्या. उकिरड्यावर वाकून वेचलेला कागद, काच, पत्रा, प्लास्टिक भंगारवाल्याला विकून त्या पोट भरत आणि त्यातून महापालिकेचा वाहतुकीचा खर्च वाचत असे. त्या वाचलेल्या पैशातले त्यांना काहीच मिळत नव्हते. पुढे या संघटनेतूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आकाराला आली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. दारोदार जाऊन ओला व सुका कचरा वेगळा उचलायचा, घरमालकाने महिन्याचे ठरलेले शुल्क थेट कचरावेचकाला द्यायचे आणि सुक्या कचऱ्यातून निघालेल्या भंगारावर तिचाच हक्क, अशी ही रचना आहे.

तिचे वैशिष्ट्य पैशाच्या वाटेत आहे. शुल्क महापालिकेच्या तिजोरीतून फिरून येत नाही, त्यामुळे काम नीट झाले नाही तर घरमालक त्याच दिवशी दारातच विचारतो, आणि कचरा मिसळून दिला तर कचरावेचकही त्याला सुनावू शकते. वर्गीकरणात तिचा स्वतःचा लाभ असतो, कारण खरकट्याने माखलेल्या कागदाला भाव येत नाही. तीच रचना तिला बाजाराच्या लहरीवरही सोडते. जागतिक मंदीत भंगाराचे दर कोसळतात, खनिज तेल स्वस्त झाले की जुन्या प्लास्टिकला गिऱ्हाईक उरत नाही, आणि कचऱ्याचे वजन मात्र तेवढेच राहते. महापालिकेशी झालेल्या कराराची मुदत संपल्यावर काही काळ काम तात्पुरत्या मुदतवाढींवर चालले. शहर ज्यांच्या खांद्यावर स्वच्छ राहते त्यांनी अशा अनिश्चिततेत जगावे, हे न्याय्य नाही.

उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही याच गोष्टीची दुसरी बाजू. पुण्याचा कचरा अनेक वर्षे या गावांच्या हद्दीतील डेपोवर पडत राहिला. विहिरींचे पाणी बिघडले, दुर्गंधी व आगींचा त्रास वाढला, गावकऱ्यांनी वारंवार गाड्या अडवल्या. गावे तेव्हा महापालिकेबाहेर होती. म्हणजे ज्यांचे पाणी नासले त्यांना नगरसेवक निवडण्यासाठी मतही नव्हते. २०१७ मध्ये ती शहरात घेतली गेली. कचऱ्याचा खरा खर्च पुणेकरांच्या करात कधी दिसला नाही, तो या गावांनी सोसला.

मिळकतकरातील सवलत हे तुलनेने साधे साधन. सौरऊर्जा, गांडूळखत, पर्जन्यजलसंधारण यांपैकी एक व्यवस्था केल्यास महापालिका ५ टक्के, दोन किंवा अधिक केल्यास १० टक्के सूट देते. खतप्रकल्प बंद पडला तरी सूट चालू राहू शकते, म्हणून तपासणीवाचून तिला फारसा अर्थ नाही.

पाण्याबाबत शहराने उशीर केला. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांच्या पाण्यावर शहराचा तसेच दौंड, इंदापूरच्या शेतीचा दावा आहे. २००५ च्या कायद्याने स्थापन झालेले महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण घाऊक पाण्याचे दर ठरवते. घरगुती पाणीपट्टी मात्र मिळकतीच्या करपात्र मूल्यावर बसत आली, नळ किती वाहिला यावर नाही. चोवीस तास पाणीपुरवठा योजनेसाठी महापालिकेने २०१७ मध्ये २०० कोटी रुपयांचे कर्जरोखे विकले आणि मीटर बसवण्यास सुरुवात केली.

निर्णय खाली आणण्याच्या प्रयत्नांत २००६ मध्ये सुरू झालेले सहभागी अंदाजपत्रक महत्त्वाचे आहे. नागरिक आपल्या भागातील छोटी कामे सुचवतात आणि ती अंदाजपत्रकात घेतली जातात. ७४ व्या घटनादुरुस्तीने मोठ्या शहरांत प्रभाग समित्या अनिवार्य केल्या होत्या. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर मात्र शहराचा कारभार काही वर्षे प्रशासकाच्या हाती गेला. या काळात ‘स्थानिक निर्णय’ हा शब्द बराच पोकळ झाला.

टेकड्यांचा प्रश्न या साऱ्याची कसोटी पाहतो. १९९७ मध्ये महापालिकेत समाविष्ट झालेल्या २३ गावांतील टेकड्यांवर, ९७० हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर, जैवविविधता उद्यानाचे आरक्षण टाकले गेले. जमीनमालकांना रोख भरपाई देण्याऐवजी हस्तांतरणीय विकासहक्क, बोलण्यातला टीडीआर, देऊ केला गेला. मालक म्हणतात की देऊ केलेला हक्क जमिनीच्या किमतीपुढे तुटपुंजा आहे. रहिवाशांना टेकडी हिरवी हवी असते, पण तिचे मोल कुणी भरायचे यावर एकमत नाही. पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गटाच्या २०११ च्या अहवालात माधव गाडगीळ यांनी सुचवले होते की संवेदनशील क्षेत्रांच्या सीमा आणि नियम ग्रामसभांच्या चर्चेतून ठरावेत व जपणूक करणाऱ्यांना थेट मोबदला मिळावा. पुण्याच्या टेकड्यांवर त्यातला मोबदला आरक्षणानंतर उशिरा आला, तर तशी चर्चा फारशी झाली नाही. आरक्षणाच्या जमिनीवर छोटे भूखंड पाडून विकण्याचे आणि अनधिकृत बांधकामांचे प्रकार मात्र चालू राहिले.