खेळ विंडोजचा, मशीन लिनक्सचं

विंडोजसाठी बनवलेला गेम लिनक्सच्या मशीनवर उघडायला गेलं, की वर्षानुवर्षं एकच उत्तर मिळायचं: ही फाइल कशानं उघडायची ते माहीत नाही. मशीन तेच, प्रोसेसर तोच, ग्राफिक्स कार्डही तेच. त्यावरच विंडोज टाकलं की तोच गेम सुरळीत चालायचा. म्हणजे अडचण हार्डवेअरची कधीच नव्हती. गेम सतत ऑपरेटिंग सिस्टीमकडे काहीबाही मागत असतो: खिडकी उघड, फाइल वाच, आवाज वाजव, हा त्रिकोण पडद्यावर रंगव. या मागण्या विंडोजच्या ठरावीक नावांनी केलेल्या असतात आणि लिनक्सला ती नावं ओळखीची नसतात. ती त्याला एकेक करून शिकवायची, हे काम तीस वर्षांहून अधिक काळ चाललंय.

सुरुवात १९९३ची. बॉब ॲमस्टॅट आणि एरिक यंगडेल यांनी विंडोज ३.१चे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवण्यासाठी ‘वाईन’ हा प्रकल्प काढला. पुढच्याच वर्षी तो अलेक्झांडर ज्युलियार यांच्याकडे आला आणि अजूनही तेच तो सांभाळतात. ‘वाईन इज नॉट ॲन एम्युलेटर’ असं या नावाचं पूर्ण रूप सांगितलं जातं, आणि ते शब्दशः खरं आहे. एम्युलेटर अख्ख्या यंत्राची नक्कल करतो, म्हणून तो जड पडतो. वाईन तसं काही करत नाही. गेमच्या सूचना थेट प्रोसेसरवरच चालतात. ऑपरेटिंग सिस्टीमला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तेवढं विंडोजऐवजी वाईन देतं.

हे वाचायला सोपं वाटतं, पण करणाऱ्यांचा कस लागला. विंडोजचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरनं लिहिलेला मूळ मजकूर, बघायची सोय नव्हती, आणि ज्यानं तो कुठेतरी पाहिला असेल त्याचं योगदान घ्यायचं नाही असा प्रकल्पाचा नियमच आहे. मग उपलब्ध माहितीपत्रकं वाचायची, छोटे प्रोग्रॅम लिहून विंडोज नेमकं काय करतं ते तपासायचं आणि तसंच वागणारं फंक्शन नव्यानं लिहायचं. माहितीपत्रकात एक आणि प्रत्यक्षात दुसरंच, असंही व्हायचं. विंडोजमधल्या चुकांवर विसंबून लिहिलेले गेम होते; त्यांच्यासाठी त्या चुकाही जशाच्या तशा उतरवाव्या लागल्या. टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, गेम सुरू केला की ‘फिक्समी’ अशा शब्दानं सुरू होणाऱ्या ओळी भराभर सरकताना दिसतात. हे काम अजून पुरतं लिहून झालेलं नाही, अशी लिहिणाऱ्यानं तिथे ठेवलेली ती खूण असते.

एक बारीकशी गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. विंडोजला फाइलच्या नावातली कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं सारखीच. लिनक्सला ती वेगळी. गेममध्ये फाइलचं नाव सगळं कॅपिटल लिहिलंय आणि डिस्कवर ती स्मॉल अक्षरांत आहे, तर लिनक्सच्या लेखी ती फाइल नाहीच. म्हणून वाईनला अशा वेळी फोल्डरमधली नावं धुंडाळून जुळणारं नाव शोधावं लागतं. अशा शेकडो क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी निस्तरत वाईन १.० यायला जून २००८ उजाडला. पंधरा वर्षं! या इतिहासात मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही चिकाटी.

दुसरा मार्ग होता गेमच लिनक्ससाठी नव्यानं बांधण्याचा, म्हणजे पोर्ट करण्याचा. ‘डूम’ या गेमची लिनक्स आवृत्ती १९९४मध्येच आली होती. १९९८मध्ये सुरू झालेल्या लोकी सॉफ्टवेअर या कंपनीनं तर हाच धंदा केला. पण लिनक्सची आवृत्ती बाजारात येईपर्यंत उत्साही मंडळींनी विंडोजची आवृत्ती घेऊन खेळूनही टाकलेली असे. २००२च्या सुरुवातीला लोकी बंद पडली. तिथे काम करणाऱ्या सॅम लँटिंगा यांची ‘एसडीएल’ ही लायब्ररी, म्हणजे गेममध्ये वापरायचा तयार कोडचा संच, मात्र टिकली, आणि आजही असंख्य गेम तिच्यावर उभे आहेत.

मधल्या काळात भिंत उंच होत गेली. १९९५मध्ये मायक्रोसॉफ्टनं डायरेक्टएक्स हा चित्र-आवाजाच्या कामांसाठीचा विंडोजचा सूचनासंच आणला आणि बहुतेक गेम त्यावरच लिहिले जाऊ लागले. लिनक्सवाल्यांपुढे ड्युअल बूट, म्हणजे एकाच मशीनवर दोन्ही सिस्टीम ठेवणं, उरलं: हातातलं सगळं बंद करा, मशीन रीस्टार्ट करा, मेन्यूतून विंडोज निवडा, खेळून झालं की पुन्हा तेच उलट. ट्रान्सगेमिंग नावाच्या कंपनीनं वाईनचा कोड घेऊन त्यात डायरेक्ट थ्रीडीची, म्हणजे डायरेक्टएक्समधल्या त्रिमित चित्रं रंगवणाऱ्या भागाची, भर घातली आणि ते वर्गणी लावून विकलं. तेव्हाच्या लायसन्सनुसार केलेली भर परत देण्याचं बंधन नव्हतं. २००२मध्ये वाईननं लायसन्स बदलून एलजीपीएल हे खुलेपणाची अट घालणारं लायसन्स घेतलं आणि पुढच्या सुधारणा सर्वांसाठी खुल्या राहतील याची सोय केली. माझ्या मते तो निर्णय योग्यच होता. पुढे जे उभं राहिलं ते त्यामुळेच सगळ्यांच्या हाती राहिलं.

२०१२मध्ये व्हॉल्व्ह या गेम कंपनीचे प्रमुख गेब न्यूएल यांनी विंडोज ८ला जाहीरपणे अनर्थ म्हटलं. त्यात मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं दुकान येणार होतं, आणि व्हॉल्व्हचा सगळा डोलारा स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर उभा. फेब्रुवारी २०१३मध्ये स्टीम लिनक्सवर आलं, २०१५च्या नोव्हेंबरात स्टीम मशीन, म्हणजे लिनक्सवर चालणारे गेमिंगचे संगणक, विकायला आली. ती चालली नाहीत. कारण तेच जुनं, गेमच पुरेसे नव्हते.

कोंडी फुटली ती ग्राफिक्सच्या बाजूनं. वाईन तोवर डायरेक्ट थ्रीडीचं भाषांतर ओपनजीएल या ग्राफिक्सच्या जुन्या सूचनासंचात करत असे, आणि त्यात वेग जायचा. २०१६मध्ये व्हल्कन हा नवा सूचनासंच आला. तो ग्राफिक्स कार्डाच्या बराच जवळ जाऊन काम करतो. फिलिप रेबोले या तरुणाला ‘नियर ऑटोमाटा’ लिनक्सवर खेळायचा होता, म्हणून त्यानं डायरेक्ट थ्रीडी ११चं व्हल्कनमध्ये भाषांतर करणारं डीएक्सव्हीके लिहायला घेतलं. व्हॉल्व्हनं त्याला पाठबळ दिलं. ऑगस्ट २०१८मध्ये वाईन, डीएक्सव्हीके आणि बाकीचे तुकडे एकत्र बांधून ‘प्रोटॉन’ जाहीर झालं, तेव्हा अधिकृत यादीत २७ गेम होते. आता इन्स्टॉलचं बटण दाबलं की बाकीचं आपोआप होतं. फेब्रुवारी २०२२मध्ये आलेल्या स्टीम डेक या हातात धरून खेळायच्या यंत्रावर खेळणाऱ्या कितीतरी जणांना आपण लिनक्स वापरतोय हे जाणवतही नसेल.

लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, तोही यात बदलला. विंडोजचे गेम एकाच वेळी अनेक गोष्टींची वाट बघत थांबू शकतात. लिनक्सकडे त्याला तोडीस तोड सोय नव्हती आणि वाईनला मध्ये वेगळा प्रोग्रॅम चालू ठेवून ते निभवावं लागे. जानेवारी २०२२च्या ५.१६ कर्नलमध्ये आणि पुन्हा २०२५च्या ६.१४मध्ये त्यासाठी खास सोय आली.

मॅकची कथा वेगळी, पण शेवटी ती याच वाटेवर येते. २०१९च्या कॅटलिना या मॅकओएसच्या आवृत्तीनं जुन्या पद्धतीचे ३२ बिटचे प्रोग्रॅम बंद केले आणि मॅकसाठीच बनलेले कितीतरी जुने गेम एका अपडेटसरशी गेले. २०२३मध्ये ॲपलनं गेम पोर्टिंग टूलकिट दिलं, तेही वाईनच्याच कोडवर उभं आहे. जुन्या गेमचं खुद्द विंडोजवरही असंच होतं: विंडोज ३.१च्या काळातले १६ बिटचे गेम ६४ बिटच्या विंडोजवर थेट चालत नाहीत, वाईनमध्ये मात्र त्यातले बरेचसे चालतात.

आता अडतं ते ॲँटी-चीटपाशी. फसवणूक पकडणारे काही प्रोग्रॅम विंडोजच्या कर्नलमध्ये शिरून पहारा देतात, आणि तो कर्नल वाईनकडे नाही. ‘व्हॅलोरंट’ त्यामुळेच लिनक्सवर चालत नाही. इझी ॲँटी-चीट आणि बॅटलआय यांनी २०२१मध्ये प्रोटॉनसाठी सोय करून दिली, पण ती सुरू करायची की नाही हे प्रत्येक गेमच्या कंपनीनं ठरवायचं. ‘एपेक्स लेजंड्स’नं ती सुरू केली होती आणि लोक डेकवर तो खेळतही होते. २०२४च्या ऑक्टोबरअखेरीस लिनक्सवरून होणाऱ्या फसवणुकीचं कारण देऊन कंपनीनं ती बंद केली. आदल्या दिवशीपर्यंत ज्या मशीनवर गेम चालत होता, त्याच मशीनला दुसऱ्या दिवशी खेळायची परवानगी उरली नव्हती.