लक्ष्मणफळ खरंच केमोपेक्षा १०,००० पट प्रभावी आहे का?

लक्ष्मणफळ कर्करोगावर केमोपेक्षा इतकं प्रभावी असल्याचा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. आकडा हवेतून आलेला नाही, अर्थ मात्र चुकीचा लावलाय. १९९६ साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी या फळाच्या बियांतून एक संयुग वेगळं केलं. आतड्याच्या कर्करोगाच्या एका जातीच्या पेशींवर ते ॲड्रियामायसिन या केमोच्या औषधापेक्षा १०,००० पट तीव्र ठरलं. पण कुठे? प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर. तिथे ना यकृत, ना मेंदू, ना वाहतं रक्त. अशा उघड्या पेशी तर ब्लीचनेही मरतात! निरोगी पेशी वाचतात का, हे आधी प्राण्यांत, मग माणसांत तपासावं लागतं. याला वर्षं लागतात: यू झाडाची साल १९६२ मध्ये गोळा केली, तिच्यातलं टॅक्सॉल कर्करोगाचं औषध म्हणून मंजूर झालं १९९२ मध्ये.

आणि धोका? कॅरिबियनमधल्या ग्वाडेलूप बेटावर लक्ष्मणफळाच्या कुळातली फळं आणि पानांचा काढा नेहमी घेणाऱ्यांत पार्किन्सनसारखा, नेहमीच्या औषधांना दाद न देणारा आजार आढळल्याची नोंद १९९९ मध्ये झाली. संशय आहे त्यांतल्या ॲनोनासिन या संयुगावर. ते पेशीची ऊर्जानिर्मितीच अडवतं, चेतापेशींचीसुद्धा.

अधूनमधून फळ खाणं वेगळं. पण केमो थांबवून कुणी घरच्या रुग्णाला रोज हा काढा देत असेल, तर कृपया आजच डॉक्टरांना सांगा.