शंखजिऱ्याच्या पातळ लाद्या कापून घेण्यापूर्वी

लादी किती जाड हवी हे ठरवण्याआधी नक्षी किती खोल कोरणार ते आम्हाला सांगा. बरेच जण '1 सेंमी द्या' म्हणतात आणि घरी 7 मिमी खोल कोरतात. मागे पापड उरतो, तो पुढच्या ठोक्याला जातो. सर्वांत खोल जागेमागे निदान तेवढाच दगड शिल्लक हवा. म्हणून तळहाताएवढ्या लादीलाही आम्ही 2 सेंमी सुचवतो.

शंखजिरे, म्हणजे बाजारातला सोपस्टोन, टाल्कमुळे मऊ असतो. शुद्ध टाल्क तर नखानेही खरवडतो. बेलूर-हळेबीडच्या होयसळ मंदिरांवरचे दागिन्यांसारखे बारीक काम याच जातीच्या दगडात झाले आहे. पण मऊ दगड वाकत नाही, तो मोडतो.

म्हणून कापण्याआधी आम्ही ठोकळा भिजवतो. बाकीचा पृष्ठभाग सुकला तरी चिरेत ओल राहते आणि काळी रेघ उमटते. मग लाकडी हातोडीने हलकेच ठोकून पाहतो. आवाज खणखणीत असेल तर दगड एकसंध. बद्द असेल तर आत भेग असण्याची शंका, आणि तो ठोकळा आम्ही पातळ लाद्यांसाठी घेत नाही. दगडात थर दिसत असतील, तर लादीचा दर्शनी भाग थरांना समांतर ठेवतो. थर उभे आले, तर लादी थरावरच तुटते.

10 सेंमीच्या ठोकळ्यातून 2 सेंमीच्या 5 लाद्या का मिळत नाहीत, हा नेहमीचा प्रश्न. आमचे पाते दर कापाला सुमारे 3 मिमी दगड खाते आणि ओबडधोबड बाहेरची बाजूही आधी सपाट करावी लागते. हातात 4 येतात.

घरी साध्या हातकरवतीनेही कापता येतो. चारही बाजूंनी रेघ आखा, थोडे कापा, ठोकळा फिरवा. एकाच बाजूने शेवटपर्यंत गेलात, तर शेवटची कड तुकडा घेऊन पडते.

धुळीबद्दल मात्र आमचा आग्रह आहे. काही खाणींतल्या शंखजिऱ्यात अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात. त्यामुळे आम्ही पाणी सोडतच कापतो. तुम्हीही दगड ओला ठेवूनच घासा, बारीक तंतूही अडवणारा, पी100 फिल्टरचा मास्क लावा, मुलांना लांब ठेवा. तोंडावर रुमाल बांधून भागत नाही. जमीन झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

येताना नक्षीचा कागद आणा, त्यावर खोली मिलिमीटरमध्ये लिहा. लाद्या घरी नेताना मध्ये वर्तमानपत्र घालून उभ्या ठेवा, आडव्या रचू नका.