रिटर्न लॉस भारी, तरी रेंज नाही: मॅचिंग आणि एफिशियन्सीमधला घोळ

मागच्या आठवड्यात रावेरकडच्या एका मित्राने व्हीएनएच्या (अँटेनात पाठवलेला सिग्नल किती परत येतो ते मोजणारं यंत्र) स्क्रीनचा फोटो पाठवला. ८६६ मेगाहर्ट्झवर रिटर्न लॉस वजा २२ डीबी (डेसिबल, पॉवरचं प्रमाण सांगायचं माप), आलेखात मस्त खोल खड्डा, आणि खाली लिहिलेलं, "बठ्ठं बराबर शे, मंग रेंज काबर नही?" (सगळं बरोबर आहे, मग रेंज का नाही?) केळीबागेत ठिबकचे व्हॉल्व्ह रेडिओने चालू-बंद करायचा छोटा बॉक्स बनवतोय तो. अँटेना आतच हवा, कारण बाहेर काडी ठेवली की पानं कापताना विळा लागून ती गेलीच समजा. त्याला फोनवर जे अर्धा तास सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण हा घोळ खूप जणांचा होतो आणि माझाही झाला होता.

मॅचिंग म्हणजे रेडिओ चिपने दिलेली पॉवर अँटेनात शिरते की परत फिरते. रिटर्न लॉस फक्त एवढंच मोजतो. एफिशियन्सी म्हणजे आत शिरलेल्या पॉवरपैकी हवेत किती गेली आणि आतच उष्णता होऊन किती संपली. ठिबकवाल्याला एका वाक्यात कळतं बघा: मोटरीचं पाणी मेन लाइनमध्ये विनाअडथळा शिरलं हे मॅचिंग, आणि ते झाडाच्या मुळाशी पोचलं ही एफिशियन्सी, मधे पाइप फुटून सगळं बांधावर गेलं तरी मोटरीजवळ उभ्या माणसाला सगळं ठीकच दिसणार.

खात्री करायची असेल तर ५० ओहमचा साधा रेझिस्टर व्हीएनएला जोडा. रिटर्न लॉस वजा ३०-४० डीबी दिसेल, कुठल्याही अँटेनापेक्षा सुंदर, आणि हवेत जाणार शून्य.

आता आकडे बघा, कारण माणूस नको तिथे घाम गाळतो तो इथेच. रिटर्न लॉस वजा १० डीबी म्हणजे १० टक्के पॉवर परत, ९० टक्के आत. वजा २० म्हणजे १ टक्का परत. म्हणजे १० वरून २० वर न्यायला दोन दिवस कॉइल-कपॅसिटर बदलत बसलात तरी कमाई किती, ०.४ डीबी. मोबाईलच्या आतल्या अँटेनाला तर वजा ६ सुद्धा चालवून घेतात. आणि एफिशियन्सी ५० टक्क्यांवरून १० वर आली तर जातात ७ डीबी, म्हणजे मोकळ्या मैदानातसुद्धा रेंज निम्म्याच्या खाली, बागेत तर विचारूच नका.

ही पॉवर आत खातं कोण? ८६६ मेगाहर्ट्झची वेव्हलेंग्थ साधारण ३४६ मिलिमीटर, तिचा पाव भाग ८६. आपल्या बॉक्समध्ये ८६ मिलिमीटर सरळ जागा मिळत नाही, मग अँटेना २० मिलिमीटरचा करायचा. मोठ्या ग्राउंडवर (बोर्डावरच्या तांब्याच्या थरासारख्या धातूच्या पत्र्यावर) उभी २० मिलिमीटरची तार घेतली तर तिचा रेडिएशन रेझिस्टन्स, म्हणजे पॉवर हवेत सोडणारा रेझिस्टन्स, हिशोबाने १.३ ओहमच्या आसपास येतो. एवढी आखूड तार कपॅसिटरसारखी वागते, म्हणून तिला रेझोनन्सला, म्हणजे आपल्या फ्रिक्वेन्सीवर सुरात, आणायला सिरीजमध्ये कॉइल टाकावी लागते आणि त्या कॉइलचा स्वतःचा रेझिस्टन्स ४ ओहम सहज असतो. म्हणजे दर ५.३ भागांतले ४ भाग कॉइल गरम करण्यात गेले, एफिशियन्सी २५ टक्के, आणि ह्या ५.३ ओहमला ५० वर मॅच करणं काही अवघड नाही, खड्डा वजा २२ चा मिळतोच!

अजून एक खूण आहे, ती मला फार उशिरा कळली. छोट्या अँटेनाला बँडविड्थ, म्हणजे खड्ड्याची रुंदी, कमीच मिळते, हे १९४७-४८ मध्ये व्हीलर आणि चू या संशोधकांनी गणिताने दाखवून दिलंय, जागा कमी केली की बँडविड्थ किंवा एफिशियन्सी यातलं काहीतरी सोडावं लागतं. माझ्या पहिल्या बोर्डावर चिप अँटेना (सोल्डर करायचा तयार छोटा तुकडा) होता, खड्डा चांगला ९० मेगाहर्ट्झ रुंद आला आणि मी खूश झालो. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती, एवढ्याशा अँटेनाला एवढी रुंदी फुकट मिळत नाही, लॉस वाढला की खड्डा आपोआप रुंद होतो.

मग मोजायचं कसं? एफिशियन्सी नीट मोजायची तर अनेकोइक चेंबर (रेडिओ लहरी भिंतींवरून परत न फिरणारी खोली) लागतो, तो जळगावात बसून आपल्याला कुठून मिळणार. मी दोन गोष्टी करतो. पहिली म्हणजे तार. अँटेनाची जोडणी तोडून त्याच पॅडवर साधारण ८२ मिलिमीटरची तार सोल्डर करायची (पाव वेव्हलेंग्थपेक्षा थोडी कमीच लागते), बॉक्स त्याच जागी ठेवायचा, आणि गेटवेवर (बॉक्सशी बोलणारा दुसऱ्या टोकाचा रेडिओ) आरएसएसआय, म्हणजे आलेल्या सिग्नलची ताकद, बघायचा, बॉक्स चार-पाच दिशांना फिरवून सरासरी काढायची. माझ्या बोर्डावर तारेने ८ डीबी जास्त दिले, म्हणजे सहा पटीहून जास्त पॉवर, आणि रिटर्न लॉस मात्र चिप अँटेनाचाच चांगला होता.

दुसरी गोष्ट म्हणजे स्टीलचा डबा. व्हीलरचीच युक्ती, अँटेनाला धातूच्या टोपणाने झाकायचं म्हणजे रेडिएशन बंद होतं. टोपणाची त्रिज्या वेव्हलेंग्थ भागिले ६.२८, म्हणजे आपल्याला ५५ मिलिमीटर, घरातला ११ सेंटिमीटर व्यासाचा डबा बरोबर बसतो, फक्त त्याची कड बोर्डाच्या ग्राउंडला पक्की टेकली पाहिजे. चांगला अँटेना झाकला की खड्डा जवळजवळ नाहीसा होतो, कारण पॉवरला जायला जागाच उरत नाही, ती परत येते. माझा मात्र वजा २१ चा वजा १७ झाला फक्त. बाहेर जायचा रस्ता बंद केला तरी पॉवर कुठेतरी जिरतच होती, म्हणजे ती आधीपासून आतच जिरत होती. तो आकडा बघून मी पाच मिनिटं तसाच बसलो होतो.

मोजताना केबलकडे लक्ष ठेवा. छोट्या बोर्डाला लांब केबल लावली की केबलची बाहेरची जाळी ग्राउंडचा भाग होऊन स्वतः रेडिएट करते आणि टेबलावरचा आकडा खोटा येतो. केबल हाताने धरल्यावर खड्डा सरकला तर समजून जा, केबलवर बोर्डाजवळ फेराइट (असा करंट अडवणारं चुंबकीय कडं) चढवा.

नवीन बोर्डात मी चिप अँटेना काढून टाकला, बोर्डाच्या लांब कडेने इन्व्हर्टेड-एफ ट्रेस (उलट्या F अक्षरासारखी तांब्याची पट्टी, तीच अँटेना) आखला, त्याच्याखालचं कॉपर सगळ्या लेयरमधून साफ केलं आणि १८६५० ची (लिथियम सेल) बॅटरी दुसऱ्या टोकाला नेली, आधी ती अँटेनापासून ४ मिलिमीटरवर होती. इन्व्हर्टेड-एफमध्ये ग्राउंडला जोडलेल्या पायापासून फीड (पॉवर आत शिरते ती जागा) किती लांब ठेवायचा यावरच इम्पिडन्स, म्हणजे मॅच करायचे ते ओहम, ठरतो, त्यामुळे त्या कॉइलची गरजच पडली नाही. रिटर्न लॉस आला वजा ९. आधीपेक्षा कितीतरी वाईट. आणि गेटवेवर सिग्नल ५ डीबीने वाढला.

आता मित्राचा बॉक्स. तो थेट केळीच्या खोडाला बांधतोय, आणि इथे दोन्ही गोष्टी एकदम बिघडतात म्हणून वेगळं करून बघावं लागतं. खोडात बहुतेक पाणीच, त्यामुळे रेझोनन्स खाली सरकतो, हा मॅचिंगचा बिघाड, एखादा कॉम्पोनंट बदलून तो परत जागेवर आणता येतो. पण तेच पाणी पॉवरसुद्धा शोषून घेतं, हा एफिशियन्सीचा बिघाड, त्याला कुठलाच कॉम्पोनंट पुरत नाही, अंतरच ठेवावं लागतं. त्याला सांगितलंय, घडाला टेकू द्यायला बांबू आणतोसच, त्यातला एक ओळींच्या मधे रोव, खोडापासून हातभर लांब, बॉक्स त्यावर चढव, आणि आधी तार लावून आकडा पाठव.