तुमच्या अँटिव्हायरसच्या तीन तारखा : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

"अँटिव्हायरसचे दिवस अजून शिल्लक आहेत, मग तो अपडेट का होत नाही?" हल्ली आमच्या काउंटरवर हा प्रश्न वरचेवर येतो. विचारणाऱ्याची त्यात काहीच चूक नसते. खोक्यावर 'एक वर्ष' छापलेले असते, पैसे मोजलेले असतात आणि स्क्रीनवर उरलेले दिवसही दिसत असतात. पण अँटिव्हायरस नीट चालायचा तर तीन मुदती शिल्लक असाव्या लागतात : तुमच्या लायसन्सची, तुम्ही वापरता त्या व्हर्जनच्या सपोर्टची आणि खुद्द विंडोजच्या सपोर्टची. पहिल्या मुदतीची आठवण कंपनी स्वतःहून करून देते, कारण तिला रिन्यूअल हवे असते. बाकीच्या दोन कधी उलटून गेल्या ते कळतही नाही. हे पत्रक त्या दोन मुदतींसाठी आहे.

अपडेट म्हणून काय काय येते

रोज, काही वेळा दिवसातून अनेकदा, जे छोटे अपडेट येते ती नव्या व्हायरसची ओळख असते. कंपन्या त्याला डेफिनेशन किंवा व्हायरस डेटाबेस म्हणतात. ती ओळख वाचून फाइल तपासणारे यंत्र म्हणजे इंजिन. तेही अधूनमधून बदलते. आणि वर्ष-दोन वर्षांनी सगळा प्रोग्रामच नवा येतो, ते झाले व्हर्जन अपग्रेड. जुन्या व्हर्जनचा सपोर्ट थांबला की आधी नवे इंजिन येणे बंद होते, मग कधीतरी डेटाबेसही थांबतो. मधल्या काळात स्क्रीनवर हिरवी खूण दिसत राहू शकते. म्हणून नुसत्या हिरव्या खुणेवर विसंबू नका. डेटाबेसची तारीख बघा. बहुतेक अँटिव्हायरसमध्ये ती 'हेल्प'मधल्या 'अबाउट'वर किंवा अपडेटच्या पानावर मिळते. तारीख कालची-आजची असली तर ठीक. आठवड्यापेक्षा जुनी असली तर आम्हाला फोन करा.

विंडोज १० वापरणाऱ्यांनी हे नक्की वाचावे

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. आमच्या बऱ्याच ग्राहकांच्या ऑफिसात अजून तेच आहे आणि मशीन पूर्वीसारखेच चालते आहे, त्यामुळे काही बदलले असे वाटत नाही. बदलले ते हे, की विंडोजमध्ये नवे छिद्र सापडले तर ते बुजवणारा पॅच आता आपोआप येणार नाही.

"पण विंडोजचा डिफेंडर, म्हणजे विंडोजसोबतच येणारा अँटिव्हायरस, तर अजून अपडेट होतो," असे काही जण सांगतात, आणि ते खरे आहे. विंडोज १० वर डिफेंडरचे डेटाबेस ऑक्टोबर २०२८ पर्यंत देत राहू, असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे. इतर कंपन्यांचे अँटिव्हायरसही तिथे अजून चालतात. तरी अँटिव्हायरसचा डेटाबेस आणि विंडोजचा पॅच ही दोन वेगळी कामे आहेत. २०१७ मध्ये काय झाले ते आठवा. विंडोजमधल्या एका छिद्राचा पॅच मार्चमध्ये आला होता. ज्यांनी तो टाकला नव्हता त्यांच्या मशीनमध्ये १२ मेपासून वॉनाक्राय हा फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस नेटवर्कमधून शिरला. कोणी मेल उघडायची, कोणी क्लिक करायची गरजच पडली नाही. पुढच्याच महिन्यात त्याच छिद्राचा आधार घेणारा दुसरा हल्ला झाला आणि आपल्या न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरात मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. एवढ्या मोठ्या कंपनीवर ही वेळ आली. आपल्या चार मशीनच्या ऑफिसला तर आयटी विभागही नसतो.

मग करायचे काय? मशीन विंडोज ११ घेत असेल तर ते टाकून घ्या. त्यासाठी मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे जवळजवळ सगळे प्रोसेसर त्यात बसत नाहीत. बसत नसेल तर घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय दिली आहे. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगइन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर त्याचे पैसे पडत नाहीत. फक्त विंडोज १० चे २२एच२ हे शेवटचे व्हर्जन आधी असावे लागते. नोंदणी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरून होते. ती आपोआप होत नाही, तुम्हालाच करावी लागते. सर्व्हरच्या डोमेनला (एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या ऑफिस नेटवर्कला) जोडलेल्या ऑफिसच्या मशीनना ही घरगुती सोय लागू नाही. त्यांच्यासाठी वेगळी सशुल्क योजना आहे, ती आम्ही समजावून सांगू.

विंडोज ७ आणि ८.१

इथे आमचे मत स्पष्ट आहे : या मशीनवर बँकिंग, जीएसटी आणि ईमेल करू नका. विंडोज ७ चा साधा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. मोठ्या संस्थांसाठीचा वाढीव सपोर्ट आणि ८.१ चा सपोर्ट असे दोन्ही १० जानेवारी २०२३ ला संपले. क्रोमचेही १०९ हे व्हर्जन या दोन्हींवर शेवटचे ठरले.

या मशीनवर नवा अँटिव्हायरस टाकताना इन्स्टॉलेशन मध्येच थांबते. मग ग्राहकाला वाटते सीडी खराब निघाली, किंवा लायसन्सची की (नंबर) चुकीची आहे. खरे कारण बहुधा वेगळे असते. अँटिव्हायरसचे काही भाग विंडोजच्या अगदी आत बसतात, म्हणून त्यांच्यावरची डिजिटल सही तपासल्याशिवाय विंडोज त्यांना आत घेत नाही. गेल्या काही वर्षांत या सह्यांची पद्धत बदलली. नवी सही ओळखता यावी म्हणून मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ साठी २०१९ मध्ये खास अपडेट दिले होते. ज्या मशीनमध्ये अपडेट बंद करून ठेवले होते तिथे ते पोहोचलेच नाही. अशी मशीन नव्या अँटिव्हायरसला ओळखच देत नाहीत.

डीटीपीवाले आणि जुनी लेथ, कटिंग मशीन चालवणारे ग्राहक यांची अडचण आम्हाला ठाऊक आहे. जुने फाँट, जुना डोंगल, जुने सॉफ्टवेअर, सगळे त्याच मशीनवर अडकलेले असते आणि ते बदलणे परवडत नाही. अशा वेळी ते मशीन इंटरनेटवरून पूर्ण काढून टाका. केबलही काढा, वायफायही बंद करा. मग धोका उरतो तो पेन ड्राइव्हचा. पेन ड्राइव्ह आधी दुसऱ्या, अपडेट असलेल्या मशीनवर स्कॅन करून मगच तिथे लावा. पुण्याच्या क्विक हीलसह काही कंपन्या बिनइंटरनेटच्या मशीनसाठी ऑफलाइन अपडेटच्या फाइल देतात. मशीनवरच्या व्हर्जनला चालणारी फाइल मिळत असेल तर आम्ही ती टाकून देऊ.

कंपनीच बदलली तर

ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांच्यासाठी ही माहिती. अमेरिकी सरकारने जून २०२४ मध्ये कॅस्परस्की या रशियन कंपनीच्या अँटिव्हायरसच्या विक्रीवर बंदी घातली आणि २९ सप्टेंबर २०२४ नंतर तिथे अपडेट देण्यासही मनाई केली. त्या महिन्यात तिथल्या अनेक ग्राहकांच्या मशीनवरून कॅस्परस्की निघून त्या जागी अल्ट्राएव्ही नावाचा अँटिव्हायरस आपोआप बसला. काहींना तो व्हायरसच वाटला. ही बंदी अमेरिकेपुरती आहे. मात्र तिकडून आणलेल्या लॅपटॉपवर अनोळखी नाव दिसले तर घाईने काढून टाकू नका, आधी आम्हाला दाखवा.

अवास्ट, एव्हीजी, अविरा आणि नॉर्टन आता एकाच कंपनीकडे आहेत. नाव बदलले, खोके बदलले, तरी तुमच्या लायसन्सचे काय होणार हे कंपनीच्या मेलमध्ये लिहिलेले असते. तो मेल न वाचता डिलीट होतो, ही खरी अडचण आहे.

अपडेट बंद ठेवावेत का?

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर अडकली. आपल्याकडच्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तेव्हापासून काही ग्राहकांनी भीतीने अपडेट बंद केले. कृपया तसे करू नका. ते सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्यांसाठीचे होते आणि चुकीचे अपडेट दीड तासाच्या आत मागे घेतले गेले. अपडेटविना पडून राहिलेल्या मशीनचा धोका मात्र रोजचा आहे. भीती वाटत असेल तर टॅलीचा आणि महत्त्वाच्या फाइलचा बॅकअप रोज वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या, आणि बॅकअप झाला की ती डिस्क काढून ठेवा.

एका मशीनवर दोन अँटिव्हायरस टाकू नका. दोघेही तीच फाइल अडवून बसतात आणि मशीन रेंगाळते. आम्ही अँटिव्हायरस विकतो, तरीही सांगतो : घरी एकच माणूस वापरत असेल, विंडोज ११ पूर्ण अपडेट असेल आणि बॅकअप नियमित असेल, तर डिफेंडरवर भागू शकते. हिशोब, पगार आणि ग्राहकांची कागदपत्रे असलेल्या ऑफिसला मात्र आम्ही सपोर्टसकट घेतलेला अँटिव्हायरसच सुचवतो.

रिन्यूअलचे फोन

आम्ही फोनवर ओटीपी, कार्ड नंबर किंवा एनीडेस्कचा (दुरून मशीन हाताळू देणाऱ्या अॅपचा) आकडा आपणहून कधीच मागत नाही. 'तुमचा अँटिव्हायरस संपला, लगेच पैसे भरा' असा मोठा चौकोन ब्राउझरमध्ये आला, तर तो बहुधा एखाद्या वेबसाइटने नोटिफिकेशनची परवानगी घेऊन टाकलेला असतो. त्यातल्या नंबरवर फोन करू नका. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या हेल्पलाइनवर कळवा, मग बँकेला आणि मग आम्हाला.

आमच्याकडे येण्याआधी एक गोष्ट बघा

मशीनच्या कोपऱ्यातली तारीख. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की रोज सकाळी मशीन जुनीच तारीख दाखवते. तारीख चुकली की सुरक्षा प्रमाणपत्रे जुळत नाहीत आणि अपडेट सर्व्हर जोडणी नाकारतो. सीआर २०३२ नावाचा सेल बदलला की काम होते. मोबाइल हॉटस्पॉटवर नेट घेत असाल तर जोडणी 'मीटर्ड' (डेटा मोजून वापरायची) आहे का तेही बघा. तशी असल्यास विंडोज मोठे अपडेट मागे ठेवते.

येताना खोके किंवा की असलेला कागद, बिल आणि नोंदणीचा मोबाइल घेऊन या. मशीन दुसरीकडे फॉरमॅट करून घेणार असाल तर आधी लायसन्स डीअॅक्टिव्हेट करून घ्या, नाहीतर काही कंपन्यांची तीच की नव्याने टाकताना 'आधीच वापरात आहे' असा निरोप येतो. आमच्याकडून घेतलेल्या कोणत्याही मशीनच्या तिन्ही तारखा आम्ही विनामूल्य तपासून कागदावर लिहून देतो.