माउंट जेफरसनला मुक्कामी जाताय? परवाना अडतो तो इथे

ओरेगनमधल्या माउंट जेफरसन या ज्वालामुखी पर्वताभोवतीचं संरक्षित रान म्हणजे माउंट जेफरसन विल्डरनेस. पोर्टलंडकडची आपली मंडळी तंबू, स्टोव्ह, थेपले सगळं जमवतात आणि परवान्यापाशी अडकतात. १५ जून ते १५ ऑक्टोबर या काळात एक रात्र जरी राहायचं असलं, तरी कुठल्याही वाटेने शिरा, परवाना हवाच. दिवसाच्या फेरीला तो ठरावीक वाटांवरच लागतो. पामिलिया लेक त्यातलीच एक.

अर्ज रिक्रिएशन डॉट गव्ह या साइटवर. खातं उघडायचं, माहिती भरायची, मुक्कामाच्या परवान्याला गटामागे ६ डॉलर. गट जास्तीत जास्त १२ जणांचा.

आता तारीख. मुक्कामाचे ४० टक्के परवाने एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी, पॅसिफिक वेळेनुसार सकाळी ७ वाजता, अख्ख्या मोसमासाठी एकदम सुटतात. ‘एप्रिलमध्ये मिळतात’ एवढंच वाचून महिनाअखेरीस बसाल, तर ऑगस्टमधला शनिवार विसरा. पण म्हणून वर्षच गेलं असंही नाही. उरलेले ६० टक्के प्रवेशाच्या तारखेआधी सात दिवस खुले होतात, आणि एप्रिलमध्ये हात हलवत परतलेले बरेच जण तिकडे पुन्हा फिरकतच नाहीत.

दुसरी अडचण नावाची. भारतात तेव्हा संध्याकाळचे साडेसात असतात, म्हणून पुण्याच्या भाच्याला बुकिंग करायला सांगाल. करू दे, पण परवाना त्याच्या नावावर नको. तो हस्तांतरित होत नाही. ज्याचं नाव, तो गटात चालत असायला हवा. सोबत फोटो असलेलं ओळखपत्र ठेवा.

परवान्यावरची वाट आणि तारीखही पक्की असते. एका वाटेचा कागद घेऊन दुसरीकडून शिरलात, तर तो नसल्यासारखाच. वाट निवडण्याआधी ती उघडी आहे का ते बघा. २०२० च्या लायन्सहेड वणव्यात इथला मोठा भाग जळला होता.

नॅशनल पार्कचा वार्षिक पास खिशात असला तरी या परवान्याची गरज संपत नाही. तो पास गाडी उभी करण्यापुरता. सरकार एकच, कागद दोन. का, ते त्यांनाच ठाऊक!

परवाना घरूनच छापून न्या. वर रेंजचा भरवसा नाही, आणि रेंजरला ‘ईमेलमध्ये आहे हो’ सांगून भागत नाही.