सुचण्याआधीचा एक सेकंद

कवी, संगीतकार, चित्रकार यांच्या मुलाखतींत एक वाक्य हमखास येतं: 'मी काही केलं नाही, ते आपोआप आलं.' ऐकणारा भारावतो आणि दैवी देणगी, पूर्वजन्मीचे संस्कार असं काहीबाही त्याला जोडून मोकळा होतो. कलावंत खोटं बोलत नसतो. त्याला ते खरोखर तसंच जाणवतं. पण त्या क्षणी मेंदूत जे घडतं त्याचा थोडाफार माग आता लागला आहे, आणि मला तो कुठल्याही दैवी कथेपेक्षा विलक्षण वाटतो.

'बीटल्स' या बँडचे पॉल मॅकार्टनी यांना 'यस्टरडे' या गाण्याची चाल झोपेत सुचली. ती इतकी पूर्ण होती की कुणाची तरी ऐकलेलीच असणार, असं वाटून ते ओळखीच्यांना विचारत राहिले. शब्द मात्र झोपेत आले नाहीत. 'स्क्रॅम्बल्ड एग्ज' असे भरतीचे शब्द घालून त्यांनी चाल धरून ठेवली आणि खरे शब्द पुढे सवडीने जुळवले. १९६५ साली गाणं प्रसिद्ध झालं.

आपलीच चाल परकी का वाटावी? शोधाशोध जाणिवेच्या आड चालते आणि जाणिवेच्या हाती फक्त निकाल पडतो, म्हणून.

हा निकाल हाती पडण्याचा क्षण पकडण्यासाठी मेंदूचे अभ्यासक मार्क युंग-बीमन, जॉन कुनिओस आणि सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शब्दकोडी वापरली. मराठीत त्याचा नमुना असा करता येईल: वर्तमान, प्रमाण, मृत्यू. तिन्हींना जोडता येईल असा एकच शब्द सांगा. काही जण एकेक शब्द लावून पाहतात, काहींना 'पत्र' एकदम सुचतं. उत्तर एकदम सुचलं तेव्हा, ते कळवण्याच्या सुमारे ०.३ सेकंद आधी, उजव्या कानाच्या वरच्या बाजूला, ऊर्ध्व शंखवळी या मेंदूच्या घडीच्या पुढच्या भागात गॅमा या विद्युत लहरींचा झोत दिसला. गॅमा म्हणजे सेकंदाला सुमारे ४० आवर्तनं. दूरदूरचे अर्थ एकत्र आणण्यात या भागाचा हात असतो.

मला भुरळ घातली ती त्याच्याही आधीच्या घटनेने. गॅमाच्या साधारण सेकंदभर आधी डोक्याच्या मागच्या बाजूला, जिथे दृष्टीचं काम चालतं तिथे, अल्फा लहरी वाढल्या. त्यांची गती सेकंदाला सुमारे १० आवर्तनं. या लहरी जर्मन मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२९ साली मांडल्या होत्या. आपण डोळे मिटले की त्या वाढतात, कारण त्या भागातलं काम मंदावतं. इथे मात्र डोळे उघडे होते, पडद्यावर शब्द दिसत होते, आणि तरीही मेंदूने बाहेरून येणारं दृश्य क्षणभर दाबून धरलं! दूरच्या अर्थाची हाक फार क्षीण असते. गजबजलेल्या खोलीतली कुजबुज ऐकायला आधी गलका थांबावा लागतो, तसं हे आहे. अवघड प्रश्न विचारला की माणूस छताकडे किंवा कोऱ्या भिंतीकडे पाहू लागतो, तेही बहुधा याचसाठी.

यावरून 'उजवा मेंदू जागृत करा' म्हणत शिबिरं आणि उपकरणं विकणाऱ्यांवर कृपा करून विश्वास ठेवू नका. प्रयोगातला ठसा एका छोट्या भागाचा आणि एका क्षणाचा आहे. मेंदूचे दोन्ही अर्धगोल जाड मज्जातंतूंच्या पट्ट्याने जोडलेले असतात आणि कविता दोघांना मिळूनच करावी लागते. शिवाय 'पत्र' सुचायला प्रमाणपत्र आणि मृत्युपत्र हे शब्द आधी डोक्यात असावे लागतात. ते कुठल्याही लहरी आणून देत नाहीत.

शब्दकोडं म्हणजे कलाकृती नव्हे, हा आक्षेप रास्तच आहे. म्हणून चार्ल्स लिंब आणि ॲलन ब्राउन या संशोधकांनी ६ जॅझ पियानोवादकांना एमआरआय यंत्रात झोपवून लहानसा कीबोर्ड वाजवायला लावला. त्यांचे निष्कर्ष २००८ साली आले. वादक उत्स्फूर्त वाजवू लागले की कपाळामागचा, स्वतःवर देखरेख ठेवणारा बाजूचा भाग मंदावायचा आणि मधला भाग चेतायचा. तेच वादक पाठ केलेली रचना वाजवत तेव्हा देखरेख अशी सैल पडत नव्हती.